उठवू का?

"आत्ताच जेवला आणि झोपला हो. उठवू का?"

पलीकडून ठरलेलं उत्तर आलं. "नको नको, झोपू दे. उठला की सांगा, आईचा फोन होता म्हणून."

"सांगते," म्हणत हॅलोताईंनी कळ दाबली. बोर्डावरचा लाल दिवा विझला आणि त्यांनी निवून गेलेला चहा एका घोटात संपवला.

हॅलोताई विद्यापीठाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण कुलगुरूंपासून माळीकाकांपर्यंत सगळे त्यांना हॅलोताईच म्हणत. ज्याच्या-त्याच्या खिशात मोबाइल आल्यापासून एक्स्चेंजला कुणी विचारत नव्हतं. मागच्याच वर्षी एक अधिकारी खोलीत डोकावून म्हणाले होते, "बोर्डाला आणि बाईंना एकदमच निरोप देऊ, म्हणजे हारतुरे एकाच खर्चात होतील." हॅलोताई तोंडदेखलं हसल्या आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्या गृहस्थांचा एकही फोन पहिल्या खेपेला जोडून दिला नाही.

मग साथ आली. कचेऱ्यांना कुलपं लागली, टेबलामागची माणसं घरी गेली, आणि विद्यापीठाच्या प्रत्येक कागदावर छापलेला नंबर तेवढा उरला. तो वाजायचा हॅलोताईंच्या कानात. वाहनं बंद झाल्यामुळे घरी जाऊ न शकलेली मुलं वसतिगृहात अडकली होती. त्यांनी मोबाइल उचलला नाही की आईबाप तोच नंबर फिरवत. हॅलोताईंच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई होत्या, त्यांना काही व्हायला नको म्हणून त्या घरी न जाता विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला आल्या होत्या.

एरवी एकमेकांना धड ओळखही न दाखवणारे लोक त्या दिवसांत एका घरातल्यासारखे वागायला लागले होते. रसायनशास्त्रवाले पिंपं भरभरून हात धुवायचं औषध करत होते. नाटक विभागातल्या मुलींनी जुने पोशाख उसवून मास्क शिवले, त्यामुळे अर्धं विद्यापीठ राजाच्या झग्याचं मखमली तोंड करून फिरत होतं. हॅलोताईंच्या वाट्याला आलेल्या मास्कला तर सोनेरी किनार होती. जड पुस्तकाखेरीज आयुष्यात काही न उचललेले तत्त्वज्ञानाचे सर ढकलगाडीवरून जेवणाची ताटं वसतिगृहात पोचवत होते. रेक्टरबाई रोज सकाळी बंद दारांवरून फिरत, प्रत्येक दाराशी आवाज देऊन कोण बरं, कोण आजारी ते विचारत आणि मग एक्स्चेंजच्या खिडकीशी येऊन हॅलोताईंना सांगून जात.

मजल्यामजल्यावर पूर्वी एकेक फोन होता. पण एकच रिसीव्हर सगळ्यांच्या तोंडाला लागतो म्हणून ते फोन सुरुवातीलाच बंद केले होते. आता कुणाची खबर काढायची तर कुणीतरी जिने चढून जायला हवं. जाणार कोण? बोर्ड सोडून उठायचं नाही हा हॅलोताईंच्या कामातला पहिला नियम, आणि बाकीच्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. त्यातून ते वाक्य तयार झालं.

वाक्य मोठं गुणी होतं. 'जेवला' ऐकलं की आईचा अर्धा जीव भांड्यात पडतो, 'झोपला' ऐकलं की उरलेला. खरी खुबी होती ती 'उठवू का?' या शेवटच्या दोन शब्दांत. झोपलेल्या लेकराला उठवा, असं कुठली आई म्हणेल? आणि ते अगदी खोटं होतं असंही नाही. रेक्टरबाईंनी आजारी सांगितलेल्या मुलांबद्दल हॅलोताई कधी असं बोलल्या नाहीत. राहिलेल्या मुलांना जेवणं आणि झोपणं सोडून दुसरा उद्योग तरी काय होता? दहातली नऊ पोरं खरोखरच लोळत असणार. दहाव्याचा विचार करायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

चहाचा कप विसळून त्यांनी स्वतःचा मोबाइल पुन्हा कानाला लावला. लेकीचा फोन बंद होता. काल संध्याकाळपासून बंद होता.

त्यांची लेक त्यांच्यासारखीच अडकली होती, पण दुसऱ्या गावच्या विद्यापीठात, मुलींच्या वसतिगृहात. काल दुपारी ती म्हणाली होती, "घसा जरा खवखवतोय, पण काही नाही गं, लगेच आरडाओरडा करू नकोस." त्यावर हॅलोताईंनी व्हायचा तेवढा आरडाओरडा केला होता आणि रात्री पुन्हा बोलू म्हणून फोन ठेवला होता. त्यानंतर फोन लागलाच नाही.

नवऱ्याचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. तो शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, सध्या घरीच होता.

"तुझ्याशी बोलली का?"

"नाही. रेंज नसेल तिथे."

"रेंज नसेल," तोही म्हणाला. मागून भांड्यांचा आवाज येत होता. काळजी लागली की हा माणूस भांडी घासायला घेतो, अगदी घासलेलीसुद्धा.

दुपारी फोनांची गर्दी जरा ओसरली तसा हॅलोताईंनी बोर्डावरचा रिसीव्हर उचलला आणि लेकीच्या विद्यापीठाचा मुख्य नंबर फिरवला. हे त्यांना सकाळीच सुचायला हवं होतं. पण जी गोष्ट आपण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी करतो ती स्वतःसाठी करायची असते हे चटकन ध्यानात येत नाही.

"हॅलो, विद्यापीठ," एक वयस्कर, बसका आवाज म्हणाला.

"माझी लेक आहे तुमच्याकडे, वसतिगृहात. कालपासून तिचा फोन लागत नाही हो. घसा दुखत होता तिचा."

"काळजी करू नका ताई. जेवण झालं तिचं, आता जरा पडलीय. उठवू का?"

हॅलोताईंचा जीव क्षणभर खरंच भांड्यात पडला. 'नको नको' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. या माणसाने नाव विचारलं नव्हतं. खोली विचारली नव्हती. खुर्चीतून उठल्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता.

"उठवा," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"उठवा तिला. मी धरून आहे."

"अहो, झोपलेल्या पोरीला कशाला..."

"दादा, नाव काय तिचं? जी झोपलीय तिचं?"

पलीकडे नुसती खुर्ची करकरली.

"मीही असल्याच खुर्चीत बसते," हॅलोताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावणार कुणावर? "विद्यापीठातच. बोर्डावर. आणि मीसुद्धा दिवसभर हेच सांगते. शब्दसुद्धा जवळपास हेच."

"मग तुम्हाला सगळं ठाऊकच आहे की," तो माणूस थकल्या आवाजात म्हणाला. "एकटा आहे ताई मी. माझ्या जोडीचा दवाखान्यात आहे. वसतिगृह मैदानाच्या पार त्या टोकाला, आणि गुडघे हे असे. किती जणांसाठी जाणार?"

"सगळ्यांसाठी नका जाऊ. हिच्यासाठी जा."

"बोर्ड कोण बघेल?"

"वाजू दे त्याला. हा आपला नियम मोडा, माझ्यासाठी. मी कुणाला सांगणार नाही."

त्याने कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सांगा नाव."

हॅलोताईंनी नाव सांगितलं, खोली सांगितली आणि ओळख पटायला अडचण नको म्हणून "केस अगदी बारीक कापलेत तिने, मला न विचारता," हेही सांगितलं. पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली आणि मग ऐकू येणारं काही उरलं नाही.

एका कानाला ती शांतता धरून हॅलोताई बसल्या असताना बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या कानाला बोर्डाचा हेडफोन होता, तो मोकळाच होता. सवयीने त्यांनी कळ दाबली.

"मीच हो, मघाची," सकाळच्याच आईचा आवाज आला. "तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. उठला असेल ना आता? परवापासून बोलणं नाही, म्हणून जरा..."

"आत्ताच..." हॅलोताई म्हणाल्या आणि थांबल्या.  जी शांतता उजव्या कानात होती तीच डाव्या कानातल्या बाईच्या वाट्याला आपण दोन दिवस देत होतो, फक्त वर गोड बोलून. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"बाई, सकाळी मी तुम्हाला बघून सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कालही नाही. झोपला असेलही, पण मी पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही."

बाई ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "मग आता बघा ना," एवढंच म्हणाल्या.

पण रिसीव्हर सोडून हॅलोताई हलू शकत नव्हत्या. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. समोरून तत्त्वज्ञानाचे सर रिकाम्या पातेल्यांची ढकलगाडी खडखडवत येत होते.

"सर, गाडी तिथेच सोडा. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. दार उघडायला लावा आणि त्याला डोळ्यांनी बघा. आवाज ऐकून परत येऊ नका."

सर 'का' म्हणून विचारतील असं वाटलं होतं. जन्मभर त्यांनी तेवढाच शब्द शिकवला होता. पण त्यांनी हॅलोताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गाडी रस्त्यातच सोडली आणि वसतिगृहाकडे पळाले. सरांना पळताना तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

"गेलेत बघायला," हॅलोताई हेडफोनमध्ये म्हणाल्या. "धरा."

"धरलाय," बाई म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का हो?"

"लेक आहे एक. ती पण अशीच दुसऱ्या विद्यापीठात."

"बरी आहे ना?"

"बघायला गेलेत," हॅलोताई म्हणाल्या. "तिच्याकडेही आत्ताच गेलेत. दुसऱ्या कानाला तोच फोन आहे."

"अगं बाई," त्यांच्या तोंडून निघालं. मग म्हणाल्या, "मग आपण दोघी धरून बसू."

त्या दोघी बसल्या. बोलण्यासारखं काही नव्हतं. पण बाईंच्या घरात नळाखाली बादली भरत होती आणि तो आवाज ऐकू येत होता, त्याचासुद्धा हॅलोताईंना आधार वाटला. बोर्डावर दुसरे दिवे लागले, विझले. त्यांनी हात लावला नाही.

आधी सर आले. खिडकीशी उभं राहून त्यांना आधी श्वासच घेता येईना.

"ताप आहे त्याला," ते म्हणाले. "परवापासून. रेक्टरबाईंना आतून 'बरा आहे' म्हणून ओ देत होता. मोबाइलही बंद ठेवला होता, आवाजावरून आईला कळेल म्हणून. जेवण पिशवीत भरून पलंगाखाली, आणि रिकामं ताट दाराबाहेर. ते ताट रोज मीच उचलत होतो, ताई. रिकामं आहे म्हणजे जेवला, एवढाच माझा तर्क."

"पण सांगितलं का नाही त्याने?"

"भीती. आजाऱ्यांच्या इमारतीत गेलेला माणूस परत येत नाही, असं पोरांच्या डोक्यात बसलंय. ग्रंथालयातले शिपाईकाका गेले, तेव्हापासून."  शिपाईकाका सरांना तीस वर्षं पुस्तकं काढून देत आले होते. "पण श्वास बरा आहे त्याचा. बोलतोय, उठून बसला. डॉक्टर पोचलेत, रेक्टरबाई आहेत. वेळेवर सापडला म्हणाले डॉक्टर."

हॅलोताईंनी हे सगळं जसंच्या तसं हेडफोनमध्ये सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही.

"खरं सांगताय ना?" बाईंनी विचारलं.

"आता खरंच सांगतेय."

"बरं." बाईंचा श्वास जड झाला होता. नाक ओढल्याचा आवाज आला. "लहानपणापासून असाच आहे मेला. पडला तरी म्हणायचा, लागलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या लेकीचं कळलं का?"

"अजून नाही."

"मग मी थांबते."

 स्वतःचं लेकरू तापाने फणफणलेलं कळल्यावरही ही बाई, जिने दोन दिवस थापा ऐकून घेतल्या, ती फोन धरून बसली होती. वर पाहिलं तर सरही गेले नव्हते. मखमली मास्क हनुवटीवर ओढून खिडकीपासून जरा लांब उभे होते.

मग उजव्या कानात पावलं वाजली. एक पाय ओढत कुणीतरी येत होतं. रिसीव्हर उचलला गेला.

"ताई," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "अहो, खरंच झोपली होती."

"काय?"

"जेवून झोपली होती. शपथेवर सांगतो. मी आपलं ठोकून दिलं होतं, ते खरं निघालं. मोबाइल बादलीत पडलाय तिचा. ताप नाही, काही नाही, घसासुद्धा बरा म्हणते. दार वाजवून वाजवून उठवली. भयंकर चिडलीय. बरोबर घेऊन आलोय, देतो."

"आई," लेकीचा पेंगुळलेला, वैतागलेला आवाज आला. "काय गं हे? किती दिवसांनी अशी झोप लागली होती मला."

जन्मभर हॅलो म्हणण्याचा पगार घेतलेल्या बाईला तेवढा एक शब्द उच्चारता येईना. डोळ्यांतलं पाणी मास्कच्या सोनेरी किनारीवर उतरलं.

"आई? आहेस ना?"

"केस वाढव आता," हॅलोताई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

डाव्या कानात ती दुसरी आई रडत रडत हसायला लागली होती.

त्या दिवसापासून एक्स्चेंजमध्ये ते वाक्य बंद झालं. हॅलोताई म्हणायच्या, "धरा, बघून सांगते." मग त्या खिडकीतून हाक मारत, तळमजल्यावरचं पोरगं वरच्या खिडकीला हाक मारे, तो त्याच्या वरच्याला, आणि ज्याचा फोन असेल त्याने स्वतः खिडकीत येऊन हात हलवायचा, असा सरांनी नियम घातला. नुसती ओ चालणार नाही. दुपारच्या वेळी वसतिगृहाचा अगदी बाजार व्हायचा. रेक्टरबाई कपाळाला हात लावायच्या, पण बंद दारामागे मुकाट पडून राहणं त्यानंतर कुणाला जमलं नाही. लेकीच्या विद्यापीठातल्या दादांनी वसतिगृहात बघून यायला सायकलवाल्या दोन मुली गाठल्या होत्या. त्यांचा जोडीदार दवाखान्यातून परत आला तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन करून हॅलोताईंना सांगितलं, आणि वर "बघून सांगतोय बरं का," असंही म्हणाले.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलाला आजाऱ्यांच्या इमारतीत हलवलं होतं. पहिले काही दिवस बरेच वाईट गेले. त्याला जरा बोलायला लागलं की धाप लागायची, म्हणून डॉक्टरांनी फोन देऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्याची आई रोज हॅलोताईंना फोन करायची आणि हॅलोताई जे असेल ते सांगायच्या, वाईट असेल तर वाईट.

मग एका दुपारी ताप उतरला. फोन आला तेव्हा हॅलोताईंनी रिसीव्हर टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवला, म्हणजे पलीकडे खडखडाट ऐकू जायला नको. बोर्ड तसाच सोडून त्या उठल्या, अंगण ओलांडून त्या इमारतीशी गेल्या, काचेला कपाळ टेकून आत पाहिलं आणि परत आल्या.

"आत्ताच जेवला आणि झोपला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काचेतून जे दिसलं ते सांगितलं.

"अर्धं ताट संपवलंय. कुशीवर झोपलाय, भिंतीकडे तोंड करून. एक पाय चादरीच्या बाहेर काढलाय."

"डावा?" आईने विचारलं.

"डावा."

"तसाच झोपतो तो," आई म्हणाली. "पांघरूण घातलं तरी तो पाय बाहेर."

 मग हॅलोताईंनी विचारलं, "उठवू का?"

"नको," ती म्हणाली. "झोपू दे."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे नळाखाली बादली भरत होती आणि इकडे बोर्डावरचा लाल दिवा लागलेलाच होता.